नान्नजच्या गवतातले फिके ठिपके

मोजायची होती काळविटं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, जानेवारीतल्या पहाटे, थर्मल म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या ड्रोनने. परवानगी काढताना अंधारातल्या उड्डाणाचा त्यात वेगळा उल्लेख करून घेतला होता.

पहाटच का, तर इथला माळ म्हणजे मुरूम आणि काळे धोंडे. दिवसभर तापलेला मोठा धोंडा रात्रभर ऊब सोडत राहतो, आणि ऊन चढलं की पुन्हा जनावराइतकाच उबदार दिसतो. सूर्योदयाआधीचा दीड तास तेवढा खरा कामाचा.

उंची 80 मीटर, वेग सेकंदाला 5 मीटर, उड्डाणाच्या दोन पट्ट्यांत 50 मीटर अंतर. आमच्या कॅमेऱ्याला या उंचीवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण 11 सेंटिमीटर. काळवीट दहाएक पिक्सेल लांब भरतं, ओळखायला पुरेसं. 30 टक्के चार्ज राखून एका बॅटरीत जेमतेम 30 हेक्टर होतात.

पहिला पट्टा वाया गेला. कोपऱ्यात आमच्याच जीपचं तापलेलं बॉनेट आलं, कॅमेऱ्याने आपोआप तापमानाचा सगळा पल्ला त्याच्याकडे ताणला आणि बाकीचं रान काळं पडलं. मग तापमानाची मर्यादा हाताने 5 ते 35 अंशांवर बांधली.

तिसऱ्या पट्ट्यात, दाट कुसळी गवतात, बारीक फिके ठिपके दिसले. एकवीस. प्रत्येकी तीन-चार पिक्सेलचे. आधी धोंडेच वाटले. वीस मिनिटांनी त्याच रेषेवरून पुन्हा गेलो, तर शेजारचे धोंडे आणखी विझलेले आणि हे ठिपके होते तसेच. एक तर हातभर सरकला होता. पिसं ऊब बाहेर पडू देत नाहीत, म्हणून पक्षी उबदार असूनही फिका दिसतो.

सोबतचे वनरक्षक पडद्याकडे बघत लगेच म्हणाले, "सर, खाली नका घेऊ. भोवत्ये बसतात तिथं."

हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. 40 मीटरवर उतरलो असतो तर शंका मिटली असती, पण पंख्यांच्या आवाजाने सगळे अंधारात उठले असते, आणि माळावरच्या वीजतारा अंधारात पक्ष्याला दिसत नाहीत. माळढोकांचाही जीव अशाच तारांनी घेतला आहे. म्हणून वर घिरट्या नाहीत, थांबणं नाही. त्याच उंचीने, त्याच वेगाने पट्टा संपवून ड्रोन बाहेर काढला. 6:35 ला उतरवला, सूर्य उगवायला अजून पंचवीसेक मिनिटं होती.

दहा वाजता, पक्षी केव्हाच शिकारीला गेल्यावर, पायी गेलो. गवतात परातीएवढ्या दबलेल्या जागा, पांढरी विष्ठा आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या ओकलेल्या गोळ्या. एक गोळी बोटांनी फोडली: नाकतोड्यांचे तपकिरी जबडे, काटेरी तंगड्यांचे तुकडे, मधे उंदराच्या केसांचा करडा पुंजका. मुक्काम एका रात्रीचा नव्हता. खालच्या गोळ्या उन्हापावसाने पांढुरक्या पडल्या होत्या.

नकाशा उघडला तर यंदाची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून मोकळा करायचा पट्टा, त्या जागेपासून 30 मीटरवरून आखलेली. जागेच्या खुणा वनरक्षकांना दिल्या, त्यांनी रेषा पायवाटेच्या पलीकडे सरकवली. काळविटांची राहिलेली मोजणी दोन दिवसांनी उत्तरेकडून केली, तो तुकडा चारी बाजूंनी 300 मीटर सोडून.