लवकर पोहोचतंय म्हणून उशिरा सोडलेलं विमान

विमानांचा मार्ग, वेळ आणि इंधन जमिनीवरून आखून द्यायचं माझं काम. फेब्रुवारीतली पाळी. न्यूयॉर्कहून संध्याकाळी साडेसहाला सुटणाऱ्या लंडनच्या विमानाचा फ्लाइट प्लॅन काढला आणि हवेतला वेळ आला पाच तास दहा मिनिटं. एरवी सव्वासहा तरी लागतात. आकडे पुन्हा घालून पाहिले. तेच उत्तर.

अंतर काही आटलं नव्हतं. सुमारे 5,540 किलोमीटर, आणि आम्ही तर वाऱ्याचा फायदा घ्यायला थोडा वाकडा, लांबचा मार्ग धरला होता. अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, त्या रात्री ताशी 300 किलोमीटरच्या पुढे गेला होता. विमान हवेतून आपल्या ताशी 900 नेच जातं. पण हवाच पुढे पळत असली की जमिनीच्या हिशेबाने वेग 1,200 च्या घरात जातो. (आवाजाचा वेग ओलांडला असं त्यावर कोणीतरी म्हणतंच. नाही ओलांडत, तो मोजायचा भोवतालच्या हवेच्या तुलनेत.) 2020 च्या फेब्रुवारीत, सियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग 747 हेच अंतर 4 तास 56 मिनिटांत कापून गेलं होतं. माझ्या त्या पाळीत उलट दिशेने जाणाऱ्या विमानाला मी आठ तासांच्या वर वेळ धरली होती, वारा चुकवायला मार्ग ग्रीनलंडच्या बाजूला वर नेऊन. जादा प्रत्येक तासाला पाच-साडेपाच टन इंधन.

आता पंचाईत अशी, की रात्री साडेअकरा ते सकाळी सहा हीथ्रोवर आवाजाचे निर्बंध. आमचं विमान सात वाजता उडालं तर लंडनच्या घड्याळाने पाच वाजून दहा मिनिटांनी तिथे हजर. मग घिरट्या घाला आणि इंधन जाळा.

कॅप्टनला फोन केला. "वेग कमी केला तर?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा मिनिटं निघतील. बाकीची चाळीस गेटवरच काढावी लागतील."

"ठीक. पण प्रवाशांना तुम्ही सांगा," ते हसून म्हणाले.

सांगायचं काम पडलं गेटवरच्या ड्युटी मॅनेजरवर. बोर्डिंग झालेलं, आकाश निरभ्र, विमान धडधाकट, आणि उद्घोषणा काय, तर विमान फार लवकर पोहोचेल म्हणून उशिरा सोडत आहोत! कोणाचा विश्वास बसणार? मला तरी बसला नसता. एका प्रवाशाने तर खरं कारण लेखी मागितलं.

सात दहाला विमान गेटवरून हललं. सहा वाजून चार मिनिटांनी हीथ्रोवर टेकलं आणि वेळापत्रकाच्या पाच मिनिटं आधी गेटला लागलं. नोंदीत मात्र "सुटण्यास 40 मिनिटं उशीर" हेच राहिलं, आणि त्याचा खुलासा मलाच लिहावा लागला.

ड्युटी मॅनेजरचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: पुढच्या वेळी बोर्डिंगच्या आधी कळवा, म्हणजे लोकांना लाउंजमध्येच बसवून ठेवता येईल. रास्त होतं. आता पाच तास वीस मिनिटांच्या आतला प्लॅन निघाला की पहिला फोन त्यांना जातो.