जेसीबी आणि बांधावरची संत्री

मी रोपवाटिकांसाठी संत्र्याचे मातृवृक्ष हुडकतो. ज्या झाडाच्या डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या काड्या, घेऊन पुढे हजारो कलमं बांधायची, ते झाड. डिसेंबरात आंबिया बहाराच्या फळांची तोड संपत आली असताना नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, जुनी बाग काढून ऱ्हायलो. आजोबाच्या हातची चार झाडं हायेत, अजून फळते. पाहून जा, जेसीबी आलेला हाये."

पोचलो तेव्हा अर्धी बाग आडवी झाली होती. उपटलेली खोडंच कारण सांगत होती : बुंध्याला डिंक, साल सडलेली, तंतुमुळं नाहीशी. फायटोफ्थोरा, मुळं आणि खोड सडवणारी बुरशी. भारी काळी जमीन, पाटाचं पाणी थेट खोडाला भिडलेलं आणि खाली खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात ते, जंभेरी लिंबाचा. तो या बुरशीपुढे फार टिकत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बागा अशाच बसल्या.

बांधावरची झाडं मात्र वेगळी. उंच, सरळसोट, जुन्या फांद्यांना काटे. कलमी झाडाच्या बुंध्यावर सांधा दिसतो, खालची साल एक, वरची दुसरी. इथे सांधा कुठेच नाही. खात्रीसाठी जमिनीलगत फुटलेल्या पाणसोटाचं पान चुरगळलं. खुंट जंभेरीचा असता तर लिंबाचा वास आला असता. संत्र्याचा आला. झाडं थेट बियांवरची होती!

अशी झाडं आता क्वचित दिसतात. बियांवरच्या झाडाला फळ धरायला कलमापेक्षा बरीच जास्त वर्षं लागतात, तेवढं कोण थांबणार? नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने बांधावरची झाडं वाचत नाहीत.

"जुनं वाणच मजबूत असते," शेतकरी म्हणाला. मला ते पटलं नाही. वाण तेच, नागपुरी संत्रा. बांध उंच, तिथे पाणी साचत नव्हतं आणि खाली जंभेरी नव्हती. मला तरी एवढंच कारण दिसलं. पण चांगल्या मातृवृक्षाची शक्यता होतीच. जेसीबीवाला तासावर पैसे घेत होता, त्याला म्हटलं, आधी पलीकडचं काढ.

डोळकाड्या मात्र लगेच कापल्या नाहीत. संत्र्याचं झाड ट्रिस्टेझा विषाणू अंगात घेऊनही धडधाकट दिसू शकतं आणि कलमातून तो पुढच्या प्रत्येक झाडात जातो. प्रत्येक झाडावर खूण केली, पानांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासणीला दिले. शेतकरी थोडा हिरमुसला, त्याला त्याच दिवशी भाव ठरवायचा होता.

अहवालात सगळ्यात जास्त फळलेल्या झाडातच ट्रिस्टेझा निघाला. त्याच्या डोळकाड्या बाद. पण हा विषाणू बियांतून उतरत नाही, आणि संत्र्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात. त्यातले बहुतेक आईच्याच ऊतीतून वाढतात, म्हणून बहुतेक रोपं आईसारखीच निघतात. शेतकऱ्याने त्या झाडाची शेवटची फळं राखून ठेवली होती. बिया धुऊन, वाळू न देता पिशव्यांत टोकल्या. उगवल्यावर वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकायची आहेत. बाकीच्यांतून मातृवृक्ष निघाला तरी डोळकाड्या मिळायला काही वर्षं जातील, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

काढलेल्या बागेत तो आता गादीवाफे करून रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं लावणार आहे. बांध तसाच ठेवायचं कबूल केलंय, भावाशी वाटणी होईपर्यंत तरी.