टोंगा ते न्यूझीलंड: निघण्याआधीची तयारी

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातल्या नुकुआलोफापासून न्यूझीलंडच्या ओपुआपर्यंत हजाराच्या वर सागरी मैल. आमची शिडाची नौका दिवसाला सव्वाशे मैल कापते, म्हणजे आठ-नऊ दिवस धरायचे. हवामानाचा अंदाज भरवशाचा असतो तो फार तर पाच दिवस. मेख इथेच आहे. शेवटचे तीन-चार दिवस कसे जातील हे निघताना कुणीच सांगू शकत नाही, आणि त्रासाचे दिवस तेच. साधारण आठवड्याच्या अंतराने पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी सरकते आणि तिच्यामागे नैर्ऋत्येचा वारा, थेट तोंडावर. जून १९९४ मध्ये न्यूझीलंडहून उत्तरेला निघालेल्या नौका याच पट्ट्यात वादळात सापडल्या. २१ जणांना वाचवलं, एक नौका मात्र तिच्यावरच्या तिघांसकट गेली. नांगर टाकून बसलेल्या मंडळींच्या गप्पांत ते वादळ हमखास निघतं. थांबून राहावं तर नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा मोसम.

म्हणून खराब हवा लागणारच, असं धरूनच कामाला लागलो.

पहिला नंबर डोलकाठीचा. दोराला बांधलेल्या खुर्चीत बसून मी टोकापर्यंत गेले आणि काठीला ताणून धरणाऱ्या प्रत्येक तारेवरून टिश्यू पेपर ओढत खाली आले. तुटलेला धागा नजरेतून सुटतो, कागदाला बरोबर अडकतो. मागच्या बाजूच्या एका तारेपाशी, ती खालच्या पितळी-पोलादी सांध्यात शिरते तिथे, कागद फाटला. तार १९ धाग्यांची, तुटलेला एकच. पण एक गेला की भार उरलेल्या १८वर, आणि बहुधा त्याच सांध्यात दुसरा जायच्या बेतात असतो. तार बदलली.

मग डिझेल. बंदरात टाकीच्या तळाशी गाळ शांत पडून असतो. लाटांनी टाकी घुसळली की तोच वर येऊन फिल्टर तुंबवतो आणि इंजिन बंद पडतं. टाकी तळापर्यंत उपसली, डिझेल गाळून परत भरलं. एवढ्यावर कप्तानाचं समाधान झालं नाही. केबिनचे दिवे बंद करून आम्हा प्रत्येकाला कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात फिल्टर बदलायला आणि नळीतली हवा काढायला लावली. नांगरावर असूनही डिझेलच्या वासाने मळमळलं, तेव्हा भर समुद्रात काय होणार याची कल्पना आली. उलटीच्या गोळ्याही आधीच घेऊन पाहिल्या. एकीने मला इतकी गुंगी आली की रात्रीचा पहारा अशक्य; ती बदलली.

बाकीचं फार सांगण्यासारखं नाही. वादळी शिडं पिशवीतून काढून एकदा प्रत्यक्ष चढवली, कमरेचा दोर अडकवायला डेकवर पट्टे ताणले, संकटसूचक बीकनची नोंदणी तपासली. न्यूझीलंडला नौकेचा तळ स्वच्छ लागतो, पोहोचण्याआधीच्या ३० दिवसांत साफ केल्याचा पुरावा मागतात. तळ खरवडला, त्याचे पाण्याखालचे फोटो काढले.

सगळ्यात जड गेलं ते थांबणं. आमच्यातल्या एकाचं परतीचं विमान ठरलेलं होतं. कप्तान त्याला म्हणाले, "आधी ते तिकीट रद्द कर, मग हवामान बघू." मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं; आता मी कुणालाही हेच सांगेन.

मार्ग सरळ रेषेत आखला नाही. आधी पश्चिमेकडे झुकायचं, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो अगदी नाकावर येत नाही. वाटेत मिनर्व्हा हे कड्यासारखं गोल प्रवाळबेट आहे. भरतीला सगळं पाण्याखाली जातं, तरी कड्याच्या आतल्या शांत पाण्यात नांगर टाकता येतो. जमीन कुठेच दिसत नाही आणि नौका मात्र स्थिर उभी, हे डोक्याला पटायला वेळ लागतो. तिथे पुढची आघाडी निघून जाईपर्यंत थांबलो.

तिच्या मागची आघाडी ओपुआच्या अलीकडे लागलीच. वारा ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर, पण पश्चिमेला सरकून ठेवल्यामुळे शीड आखूड करून तिरकं जाता आलं. फिल्टर एकदा बदलावा लागला, तोही रात्री.

ओपुआच्या विलगीकरण धक्क्यावर अधिकारी बाईंनी उरलेला मध आणि लसूण जप्त केला. तळाचे फोटो त्यांनी दोनदा पाहिले आणि मगच कागदावर सही केली.