बायपासनंतर फुफ्फुसाचं ऑपरेशन - माझा अनुभव

आमच्या ह्यांची बायपास २०१३ ला झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे हृदयाला नव्याने जोडलेल्या तीन रक्तवाहिन्या. त्यानंतर दहा वर्षं सगळं छान होतं, गोळ्या वेळेवर, रोज सकाळी चालणं. मग एकदा खोकला धरला तो महिना झाला तरी जाईना. एक्सरेत डावीकडे वर सावली दिसली, आमच्याकडच्या डॉक्टरांनी थुंकीत काही सापडलं नसताना टीबीच असणार म्हणून औषध चालू केलं आणि त्यात दोन महिने गेले, ते दोन महिने मला अजून टोचतात. शेवटी लेकाने हट्टाने सीटी करायला लावला. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात साडेतीन सेंटिमीटरची गाठ. बायोप्सीत कॅन्सर.

मुंबईला सर्जनना दाखवलं. पेट स्कॅन झाला, छातीच्या मधल्या नोडची, म्हणजे लसीका ग्रंथींची, दुर्बिणीतून तपासणी झाली, कुठे पसरलेलं नव्हतं. ऑपरेशन होण्यासारखं आहे म्हणाले, माझ्या जिवात जीव आला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, बायपासची ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं तो कागद, कुठंय? आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर नुसतं 'तीन ग्राफ्ट'.

मग त्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने काढून दाखवलं. छातीच्या मधल्या हाडाच्या आतल्या बाजूला डावीकडे एक रक्तवाहिनी खाली उतरते, तिला लिमा म्हणतात, बायपासमध्ये बहुतेक वेळा तीच सोडवून हृदयाच्या पुढच्या मोठ्या नळीला जोडतात. ती जाते ह्या वरच्या भागाच्या अगदी शेजारून, आणि इतक्या वर्षांत फुफ्फुस तिला चिकटून बसलेलं असतं. सोडवताना तिला इजा झाली तर टेबलावरच हार्ट अटॅक येऊ शकतो. ते चित्र बघून हे एवढंच म्हणाले, म्हणजे हीच माझी जीवनदोरी.

बायपास जिथे झाली तिथे लेक दोनदा जाऊन आला, एवढं जुनं रेकॉर्ड मिळणार नाही असं सांगितलं. मी घरातली सगळी कपाटं उपसली. ट्रंकेत विम्याच्या कागदांबरोबर पिवळी पडलेली तीन पानं निघाली, लिमा कुठे जोडली, पायाच्या शिरा कुठे जोडल्या, सगळं लिहिलेलं. मी तिथंच खाली बसून रडले. तुमच्या घरात कुणाची बायपास झाली असेल तर खरंच सांगते, तो कागद शोधून त्याचा फोटो काढून ठेवा.

नंतर सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीत, ग्राफ्ट उघडे आहेत हे कळलं. टूडी इको, फुंकायची टेस्ट, आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून जिने चढायला लावले, ह्यांनी तीन मजले न थांबता चढून दाखवले. रक्त पातळ करायच्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद केली, इकोस्प्रिन आणि ठोके आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालूच ठेवायला सांगितलं. ह्यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं.

ऑपरेशन पाच तास चाललं. दुर्बिणीने न करता छाती उघडूनच केलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, लिमा चिकटलेलीच होती, गाठ तिच्यापासून लांब होती म्हणून फुफ्फुसाची पातळ चकती तिच्यावर तशीच ठेवली, ओढाताण केली नाही. बाकीचा वरचा भाग पूर्ण काढला.

तिसऱ्या दिवशी ठोके एकदम १४० वर गेले, तेही वेडेवाकडे. मला वाटलं संपलं सगळं. सिस्टरने शांतपणे सांगितलं की फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांना होतं, सलाईनमधून औषध लावलं आणि रात्री ठोके लाईनीवर आले. छातीतली नळी सात दिवस होती, फुफ्फुसातून हवा गळतेय का ते कळावं म्हणून बाटलीत बुडबुडे येतात का तेवढंच मी बघत बसायचे. श्वासाच्या व्यायामाच्या तीन बॉलच्या यंत्रात पहिला बॉल उचलायलाच ह्यांना दोन दिवस लागले, उशी छातीशी दाबून खोकायचे, डोळ्यात पाणी यायचं पण सोडलं नाही.

काढलेले नोड सगळे स्वच्छ निघाले, किमो लागली नाही. आता दर सहा महिन्यांनी सीटी असतो. नवीन ऑपरेशन नोट त्या पिवळ्या पानांबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीय, ट्रंकेत नाही, देवघराच्या खालच्या कप्प्यात. काल हे लिफ्ट सोडून दुसऱ्या मजल्यावर चढून आले, दारात थांबून म्हणाले, चहा टाक.