साकव आणि दोन बरण्या

रविवार, रात्री अकरा

लालबागला आमच्या गावच्या मंडळाची सभा होती. विषय एकच, गावचा साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. जांभ्याच्या तीन कमानी, मधल्या कमानीचे दोन चिरे गेल्या पावसात निसटले. तेव्हापासून दोन्ही तोंडांना कळक आडवे बांधलेत, तरी पलीकडच्या वाडीतली पोरं त्याखालून वाकून शाळेत जातातच.

अर्धी सभा म्हणाली, पाडा आणि स्लॅब टाका. महाडच्या पुलाचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र मुंबई-गोवा रस्त्याने गावी जाणारा कोण विसरेल? पुरात वाहून गेलेला सावित्रीवरचा तो पूलही १९२८ चा, दगडी कमानींचाच. मलाही क्षणभर बोलवेना. पण त्यावरून एसट्या धावत होत्या. आमच्या साकवावरून फार तर डोईवर भारा घेतलेली बाई, नाहीतर म्हैस. तो न पाडता चुन्यानेच दुरुस्त करावा, हे माझं म्हणणं.

ओट्यावर अजून दोन बरण्या आहेत. शिमग्याला गेलो तेव्हा साकवाच्या दर्जांमधले, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतले, दोन तुकडे रुमालात बांधून आणले होते, ते काल व्हिनेगरमध्ये टाकले. जुना चुन्याचा तुकडा फसफसला. सकाळी तळाला नुसती काळसर, जाडसर वाळू, आमच्याच नदीची. आता नवा चुना मळताना वाळू कुठली घ्यायची ते कळलं. दुसरा तुकडा वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी थापलेल्या सिमेंटचा. तो थोडा फसफसला आणि तसाच राहिला. त्याच्या पाठीला जांभ्याचा लाल पापुद्रा चिकटलेला आहे. सिमेंट दगडाहून कडक, आतली ओल बाहेर सोडत नाही. शेवटी फुटतो तो चिरा. बरणी सभेत फिरवली. एका काकांनी वास घेऊन नाक मुरडलं.

अध्यक्षांना काम गणपतीच्या आत हवंय. चुना पावसात धरत नाही, हवेत सावकाश घट्ट होतो. दिवाळीनंतर हात घातला तर शिमग्यापर्यंत होईल, असं मी म्हटलं.

"अरे, मग तोवर पोरांनी पोहत जायचं काय?"

प्रश्न खराच होता. बाजूला लोखंडी पाइपांचा तात्पुरता साकव घालायचा ठरलं. वर्गणी त्यामुळे वाढली, ते कुणाला आवडलं नाही.

घरी येऊन गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला फोन केला. गूळ-हिरड्याचं पाणी घालून चुना मळणारा आता तोच एक उरलाय. म्हणाला, "दिवाळीची वाट कसली बघताव? चुना आत्ताच भिजत घाला, जितका मुरंल तितका लोण्यावानी होतो. खड्डा कुठं काढू?"

"आमच्या खळ्यात काढा," म्हटलं.

फोन ठेवला तर ही दारात उभी. "आईंना विचारलंत का?"