आमची वाटचाल : ए-स्कॅनच्या प्रोबपासून ओसीटीपर्यंत

बेळगावातलं आमचं केंद्र शस्त्रक्रिया करत नाही. मोतीबिंदू काढल्यावर बसवायच्या लेन्सचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची मापं आणि प्रतिमा काढतो, एवढंच. खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि पलीकडच्या चंदगडचेही पेशंट चिठ्ठी घेऊन येतात.

सुरुवात ए-स्कॅननं झाली. बधिरतेचा थेंब टाकून प्रोब कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, टेकवायचा आणि ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजायची. हात जरा जड पडला की कॉर्निया दबतो, लांबी कमी येते. 1 मिमी चुकलं तर लेन्सच्या नंबरात अडीच-तीन डायऑप्टरचा (नंबर मोजायचं एकक) फरक पडतो. म्हणजे नुसत्या 0.2 मिमी दाबानं पेशंटला अर्धा मायनस नंबर उरतो. म्हणून इमर्शन पद्धत धरली. पापण्यांमध्ये छोटी वाटी बसवून तीत सलाइन भरायचं, म्हणजे प्रोब कॉर्नियाला लागतच नाही. बुडबुडा अडकला तर ते रीडिंग रद्द.

प्रकाशानं मोजणारं पहिलं यंत्र 1999 साली बाजारात आलं. स्पर्श नाही, म्हणून दाबाची चूकही नाही. पण पांढऱ्याफेक पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाश आरपार जात नाही. आपल्याकडं शेतीचा हंगाम आटोपल्याशिवाय दवाखान्याची वाट धरणारे कमी, त्यामुळे असे डोळे नेहमीचेच. तरंगलांबी बदलणारा लेझर वापरणाऱ्या नव्या स्वेप्ट-सोर्स यंत्रांत हे अपयश पुष्कळ घटलं, तरी इमर्शनची वाटी आम्ही टाकून दिलेली नाही. ध्वनी आणि प्रकाश, दोन्ही पद्धतींचा ए-कॉन्स्टंट, म्हणजे नंबर काढायच्या सूत्रात भरायचा त्या लेन्सचा ठरावीक आकडा, मात्र वेगळा. लेन्सच्या खोक्यावर छापलेला आकडा बहुधा ए-स्कॅनचा असतो. तोच ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या, यंत्रात भरला की पेशंटला प्लस नंबर उरतो.

यंत्र कितीही महाग असो, नजर स्थिर नसेल तर रीडिंग फुकट. ‘लाल दिव्याकडं बघा’ आणि ‘केंपु दीपा नोड्री’, दोन्ही म्हणता आलं पाहिजे. दोन डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिमीपेक्षा किंवा कॉर्नियाच्या वक्रतेत 1 डायऑप्टरपेक्षा जास्त फरक दिसला की पुन्हा मोजतो. कॉर्नियाचं माप बधिरतेचा थेंब टाकण्याआधीच घ्यायचं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर, कडक लेन्स किमान तीन आठवडे बंद. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढलेलं असतं, ते कॉर्नियाला आडव्या दिशेनं चपटं करतं. मोठं असेल तर आधी ते काढून, कॉर्निया स्थिरावल्यावर माप घ्यावं. घाई करणाऱ्यांना आम्ही सरळ परत पाठवतो.

सगळ्यात जास्त कस लागतो तो टोरिक लेन्सला, म्हणजे दंडवैषम्य (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा तिरकस नंबर) दुरुस्त करणाऱ्या लेन्सला. ही लेन्स 1 अंश फिरली की दंडवैषम्य दुरुस्तीतला सुमारे 3.3 टक्के भाग जातो, 30 अंशांवर काहीच उरत नाही. झोपल्यावर डोळा स्वतःच काही अंश फिरतो. म्हणून पेशंटला ताठ बसवून फोटो काढायचा, आणि त्यातल्या रक्तवाहिन्या व बुबुळाची नक्षी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातल्या चित्राशी जुळवायची. बधिरतेच्या इंजेक्शननं डोळ्याचं पांढरं सुजलं किंवा रक्त साकळलं तर जुळणी फसते. त्यासाठी 3 आणि 9 वाजताच्या जागी शाईच्या खुणा हव्यातच. त्याही बसवूनच करायच्या.

डोळ्यामागच्या पडद्याचा ओसीटी, म्हणजे प्रकाशानं काढलेली त्याच्या थरांची प्रतिमा, शस्त्रक्रियेआधी, विशेषतः मधुमेह्यांत, काढावाच. पडदा आधीच सुजलेला असेल तर नंतर दोष लेन्सला लागतो. टोरिक असेल तर दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून अक्ष तपासतो, कारण लेन्स फिरते ती बहुतेक पहिल्या काही तासांत. शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेलं जेल मागं राहणं हे नेहमीचं कारण. 10 अंशांहून जास्त फिरली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवतो. चार ते सहा आठवड्यांनी नजर अंधुक राहिली तर पुन्हा ओसीटी, पडद्यात पाणी साचलंय का ते पाहायला.

त्याच सुमारास उरलेला चष्म्याचा नंबर डॉक्टरांनी आम्हाला कळवावा, हा आमचा आग्रह असतो. ते आकडे साठले की त्या लेन्सचा, त्या सर्जनचा ए-कॉन्स्टंट सुधारता येतो. न कळवणाऱ्या दवाखान्यांना छापील आकड्यावरच भागवावं लागतं.