विश्रांतीचे वीस सेकंद

आजींचे केस पांढरेशुभ्र, विरळ. मी मनातल्या मनात खूश झाले. आमच्या एफनिर्सच्या, म्हणजे डोक्यात प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्ताचे चढउतार टिपण्याच्या, कामात केसांइतका वैताग दुसरा नाही. टोपीच्या एकेका भोकातून कापसाच्या काडीने केस बाजूला सारायचे, मग प्रकाशाचं टोक थेट कातडीला टेकवायचं. दाट काळे केस असले की त्यातलं मेलॅनिनच प्रकाश गिळतं आणि पाऊण तास त्यातच जातो. आजींचं दहा मिनिटांत उरकलं. पडद्यावर नाडीचे ठोके लख्ख दिसत होते.

चाचणी साधी. वीस सेकंद उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवायची, वीस सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. उजवा हात चालला की मेंदूच्या डाव्या बाजूला, हालचाल सांभाळणाऱ्या पट्टीत, रक्त वाढतं. आम्ही 760 आणि 850 नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन पहिला जास्त शोषतं, ऑक्सिजनवालं दुसरा. सोडणारं आणि टिपणारं टोक तीन सेंटिमीटर लांब ठेवलं, की थोडासा प्रकाश कवटीपलीकडे मेंदूच्या वरच्या थराला शिवून परत येतो. अंधारात टॉर्चवर तळवा धरला की लाल दिसतो ना, तशातलाच प्रकार. कवटीतूनही हे जमतं, हे फ्रान्स यॉब्सिस यांनी ड्यूक विद्यापीठातून 1977 मध्ये दाखवलं.

बोटं सुरू झाली की पाच-सहा सेकंदांत ऑक्सिजनची रेघ वर चढते आणि थांबली की हळूहळू उतरते. आजींची रेघ एकदा चढली ती उतरेचना. दहा फेऱ्यांची सरासरी काढली तर सपाट पाटी! यंत्र ठीक, संपर्क ठीक. डोक्याच्या कातडीतल्या रक्ताचा गोंधळ असेल म्हणून आठ मिलिमीटरवर ठेवलेल्या टोकांच्या जोड्या पाहिल्या, त्यांचा प्रकाश कातडीतूनच परततो, तर तिथे शांतता. म्हणजे जे दिसत होतं ते मेंदूचंच होतं. सहकारी म्हणाला, "वय झालंय, प्रतिसादच मंद असेल." मला पटेना. मंद असता तर रेघ चढलीच नसती.

मग कानशिलाजवळच्या टोकांच्या रेघांकडे लक्ष गेलं. तिथे बारीक थरथर होती, आणि ती फक्त विश्रांतीत. कानशिलावरचा स्नायू जबड्याबरोबर हलतो. म्हणजे पडद्यावर 'विश्रांती' उमटली की आजी काहीतरी पुटपुटत होत्या.

"आजी, मधल्या वेळात काही म्हणत होतात का?"

"जप गं. नुसतं बसून काय करू?"

"आणि मोजत कशावर होतात?"

त्यांनी मांडीवरचा पदर बाजूला केला. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर टेकलेला होता.

मला हसूच आवरेना. पेरांवर जप मोजणं म्हणजे आमचीच चाचणी, पदराआड चाललेली. खरं तर चूक माझी. कागदावर 'विश्रांती' लिहिलं होतं, पण विश्रांती म्हणजे नेमकं काय करायचं नाही, हे मी सांगितलंच नव्हतं.

चहा झाल्यावर पुन्हा बसलो. तळवे उताणे, गुडघ्यांवर, पदर खोचलेला. या वेळी डाव्या बाजूची रेघ दर फेरीला चढली, उतरली. उजवीकडे जेमतेम हालचाल.

टोपी काढताना आजींच्या कपाळावर टोकांचे गोल वळ उठले होते. ते चोळत त्यांनी विचारलं, "पोरी, माझे एकशे आठ अर्धवट राहिले. आता इथेच पुरे केले तर चालतील?"

मी पडदा बंद केला आणि त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली.